अकरा वेढे

"आमचं काम परत येत नाही," हे वाक्य मोठे मिस्त्री इतक्या वेळा बोलले होते की घरातल्या भिंतींनाही ते पाठ झालं असावं. नळाचं काम करणाऱ्याला परत बोलावणं येणं ही तशी जगबुडी नाही. एखादा वायसर खराब निघतो, आटे झिजलेले असतात, आठ दिवसांनी गिऱ्हाईक फोन करतं, माणूस जातो, दुरुस्त करतो, विषय संपतो. पण मिस्त्रींना ते नाकाला झोंबायचं. ज्या नळाला आपला हात लागला तो पुन्हा गळता कामा नये, आणि चाळीस वर्षांत एकही गळला नाही, असं ते सांगत. बाकीचे नळवाले पाठीमागे हसत आणि कुठे अडलं की गुपचूप त्यांनाच विचारायला येत.

मिस्त्री डावरे होते. पाइपाच्या आट्यांवर ते सूत गुंडाळत ते उलट्या अंगाने. असं सूत नळ आवळताना सुटायला हवं. म्हणून शेवटी ते त्याला एक बारीक गाठ मारत आणि वरून बोटानेच सफेदा, म्हणजे जोड बुजवायची पांढरी लुकणी, चोपडत. वेढे बरोबर अकरा. बारा नाही, दहा नाही. मोजायचे तेही तोंडाने, खालच्या आवाजात, आणि अकरा म्हणताना आवाज किंचित चढायचा. पंधरा-वीस वर्षांनी कुणी असा नळ उघडला तर सूत बघूनच म्हणायचा, हे डावऱ्याचं काम.

आता चार वर्षं झाली, मिस्त्रींचे हात थरथरत होते. चहा अर्धा कपच द्यावा लागे, तोही दोन्ही हातांनी धरून. जिने तर सुटलेच होते. खिडकीपाशी एक खुर्ची होती, सकाळी आंघोळ झाली की ते तिथे बसत आणि संध्याकाळपर्यंत तिथेच असत. हत्यारांची पिशवी मुलीच्या खांद्यावर गेली होती. शहरात तिला सगळे धाकटी मिस्त्री म्हणत, आणि नुसतं धाकटी म्हटलं तरी ती ओ देई. बाईमाणूस काय पाइप आवळणार, असं सुरुवातीला दोघा-तिघांनी म्हणून पाहिलं. मग त्यांच्याच घरची गळती तिने थांबवली आणि ती तोंडंही बंद झाली. ती सूत वापरत नसे, पांढरी टेप वापरायची, सरळ अंगाने. बाकी सगळं वडिलांचंच होतं. अभिमानसुद्धा.

रोज संध्याकाळी ती घरी आली, हात धुतले, की खुर्चीतून प्रश्न यायचा.

"कुणी परत बोलावलं?"

"नाही, अण्णा."

मग ते जेवायला उठत.

सोमवारी एका बाईंचा फोन आला. शॉवर चालू केला की टबच्या नळातूनही पाणी येतं, आणि वर नुसती सुतळीएवढी धार राहते. हा आजार धाकटीच्या नेहमीच्या पाहण्यातला. टबच्या नळाच्या पाठीवर एक खुंटी असते. ती ओढली की आतली झडप नळाचं तोंड बंद करते आणि पाणी मुकाट्याने वर शॉवरकडे चढतं. झडप झिजली की थोडं वर, थोडं खाली. नळ बदलायचा, तासाभराचं काम.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. बाई एका कचेरीत टायपिस्ट होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. एकट्याच राहत. केस घट्ट बांधलेले, खांद्यावर टॉवेल, आणि विचार करताना उजव्या हाताची बोटं दाराच्या चौकटीवर टकटक चालायची, जणू अजून एक पत्र पुरं व्हायचं राहिलं होतं.

"बसून आंघोळ केली की उठता येत नाही मला," त्या म्हणाल्या. "गुडघे. डॉक्टर म्हणाले, उभ्यानेच करा. म्हणून इतक्या वर्षांनी शॉवर सुरू केला, तर हे असं."

न्हाणीघर लहान आणि लख्ख होतं. निळ्या फरश्या, पांढरा टब, त्याच्या कडेला धरायचा दांडा. धाकटीने जुना नळ काढला आणि तिचा चेहराच उजळला. भिंतीतून आलेल्या पाइपावर सूत होतं. उलटे वेढे, टोकाला गाठ, वाळून दगड झालेला सफेदा.

"हे माझ्या वडिलांचं काम आहे," ती म्हणाली. छाती कशी फुगते ते तिचं तिलाच कळत होतं. "मोठे मिस्त्री. बघा, सूत अजून जागचं हललेलं नाही. झडप गेली, पण जोड नाही गेला."

बाईंची टकटक थांबली.

"असं," त्या म्हणाल्या. "तुम्ही त्यांची मुलगी का."

मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि काम होईपर्यंत आल्या नाहीत. धाकटीने तारेच्या ब्रशने आटे चकचकीत घासले. सुताचा एक तंतू ठेवला नाही. टेप गुंडाळली, नवा नळ बसवला, खुंटी ओढली. वरून भरघोस शॉवर, खाली थेंब नाही. सवयीप्रमाणे तिने बादली आणि घड्याळ घेऊन मोजलंही. मिनिटाला नऊ लिटर, अगदी चोख.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने सांगून टाकलं. "अण्णा, आज तुमचं सूत भेटलं. दुसरा मजला, निळ्या फरश्या, टायपिस्ट बाई. तीस वर्षं तरी झाली असतील, पण अजून जागच्या जागी."

मिस्त्रींच्या हातातला अर्धा कपसुद्धा सांडला. आईने फडकं आणून पुसलं. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही, आणि जेवायला उठायलाही उशीर केला. हात थरथरताहेत, वय झालं, असं धाकटीने स्वतःला समजावलं.

गुरुवारी सकाळी फोन आला. "परत गळतंय," टायपिस्ट बाई म्हणाल्या, अगदी शांतपणे.

आई आणि अण्णा दोघंही समोर होते. "एका शाळेची टाकी बघायची आहे," असं सांगून धाकटी निघाली. घरी खोटं बोलायची तिला सवय नव्हती, त्यामुळे जिना उतरेपर्यंत कान तापलेले होते.

तिने शॉवर सुरू केला. गरम पाणी होतं, आरशावर वाफ धरली. आणि टबच्या नळातून, तीन दिवसांपूर्वीच्या कोऱ्या करकरीत नळातून, करंगळीएवढी धार पडत होती. धाकटीने तिच्याखाली बोटं धरली आणि झटकन मागे घेतली. पाणी बर्फासारखं गार होतं.

असं होत नाही. गरम आणि गार पाणी भिंतीत एकत्र होतं, मग एकाच पाइपाने वर जातं नाहीतर खाली. वर गरम असेल तर खालीही गरमच असणार. हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ माणसालाही कळतं. तिने गार पाण्याचा कॉक पूर्ण बंद केला. वरून चटका बसेल इतकं कढत पाणी येऊ लागलं. खालची धार तशीच गार राहिली.

मग तिने कॉक पुन्हा उघडला आणि बादल्या लावल्या, एक शॉवरखाली, एक नळाखाली. एका मिनिटात वरच्या बादलीत नऊ लिटर. खालच्या बादलीत एक. तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पाइपात सोमवारी मोजलेलं तेवढंच, नऊ लिटर येत होतं आणि बाहेर दहा पडत होतं.

धाकटी टबच्या कडेवर बसली. भीती अशी वाटत नव्हती, राग येत होता. पाण्याने तिला आजवर कधी फसवलं नव्हतं. पाणी वाट मिळेल तिथे जातं, न मिळाल्यास थांबतं, त्याच्या मनात कपट नसतं, असं अण्णा शिकवत. तिने नळ काढला. आतली टेप तिचीच होती, सरळ अंगाची, जशीच्या तशी. झडप नवीच्या नवी. फक्त नळाच्या तोंडात काहीतरी होतं. तिने चिमट्याने ओढलं तर हातभर लांबीची चिंधी बाहेर आली. निळ्या चौकड्यांची, जुनी, गारठलेली.

"बाई, नळात कापड का कोंबलंत?" तिने जरा फटकळपणेच विचारलं.

"मी?" बाई दारात आल्या. "मला वाकता येतं का तिथवर?" मग त्यांनी चिंधी पाहिली. हात पुढे केला, पण घेतली नाही.

"हा ताईचा झगा," त्या म्हणाल्या. "माझी मोठी बहीण. झगा फाटल्यावर तिनेच त्याच्या चिंध्या केल्या होत्या. नळ नवा बसवला तेव्हापासूनच गळत होता. वर पाणी कमी यायचं, म्हणून ती शॉवरखाली उभी राहिली की वाकून नळात चिंधी कोंबायची. मी तुमच्या वडिलांना फोन केला. उद्या येतो म्हणाले. चार दिवसांनी पुन्हा केला, उद्या येतो म्हणाले. तिसऱ्यांदा केला तेव्हाही उद्याच. त्या आठवड्यात ताई वाकताना घसरली. माकडहाड आणि खुबा. पुन्हा उभी राहिली नाही. पंचवीस वर्षं मी तिला तांब्याने आंघोळ घातली. सहा वर्षांपूर्वी गेली."

बाईंच्या आवाजात राग नव्हता, हेच धाकटीला सहन होईना.

"त्या चिंध्या मी तेव्हाच टाकून दिल्या होत्या," बाई पुढे म्हणाल्या. "सगळ्या. मोजून."

धाकटीने दुसरा कोरा नळ बसवला. खुंटी ओढली. पहिल्याच क्षणी खालून ती गार धार सुरू झाली, जशी काही नळ बदललाच नव्हता. पिशवीतलं सगळं वापरून झालं होतं आणि डोक्यातलंही. तिने हत्यारं गोळा केली, आणि आपण काय बोलतोय हे कळायच्या आत बोलून गेली.

"उद्या येते, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "तेही असंच म्हणाले होते."

चिंधी त्यांनी चिमट्यानेच उचलून टबच्या दांड्यावर वाळत टाकली.

घरी मिस्त्री खुर्चीत होते. धाकटी हात न धुताच त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"कुणी परत बोलावलं?" त्यांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "टायपिस्ट बाईंनी. मला एकदा. तुम्हाला तीनदा."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मिस्त्री खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर थरथरत होते आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"झडप आखूड होती," ते म्हणाले. "बसवतानाच कळलं होतं मला. दुकानात त्या मापाचा दुसरा नळ नव्हता. म्हटलं, चालून जाईल. परत गेलो असतो तर गळतंय हे कबूल करावं लागलं असतं. तेव्हा माझं नाव झालं होतं. लोक लांबून बोलवायचे. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो, आणि मग फोन यायचे थांबले. मी म्हटलं, बसली असेल झडप आपोआप. माणूस स्वतःला काय काय सांगतो."

"आणि त्या पडल्या ते?"

"दोन महिन्यांनी कळलं. रस्त्यात कुणीतरी बोललं."

"तरी तुम्ही म्हणत राहिलात. आमचं काम परत येत नाही."

"झाकली मूठ," मिस्त्री म्हणाले.

धाकटीला त्यांच्यावर ओरडायचं होतं. पण चार वर्षांत पहिल्यांदा तिला ते फार म्हातारे दिसले, आणि ती ओरडली नाही. या माणसाचं नाव घेऊन ती दारोदार छाती काढून फिरली होती. तो अभिमान एका संध्याकाळीत काढून ठेवता येण्यासारखा नव्हता. दुखत होता, तरी तो तिथेच होता.

"मला ने तिथे," मिस्त्री म्हणाले.

"अण्णा, दोन जिने आहेत. आणि तुमच्याने चमचा धरवत नाही."

"माहीत आहे." त्यांनी माळ्याकडे बघितलं. "मग सूत घाल. टेप नको. आपलं सूत."

"सूत कुठून आणू आता? आणि सफेद्याचा दगड झालाय."

तरी त्यांनी सफेद्याचा डबा मागितला. तिने माळ्यावरून काढून दिला. आत सफेदा तडे जाऊन खडूसारखा वाळला होता. मिस्त्रींनी डावा अंगठा त्यावर दाबून पाहिला, ओरखडासुद्धा उठला नाही. पण डबा परत दिला नाही. मांडीवर घेऊन बसले.

"उद्या नक्की जाशील ना?"

"जाईन."

"न बोलावता जा," ते म्हणाले. "फोनची वाट बघू नकोस."

शुक्रवारी सकाळी साडेआठला ती निघाली तेव्हा मिस्त्री आंघोळ करून खुर्चीत बसले होते. डबा मांडीवर. डोळे मिटलेले. आई त्यांच्या पायांवर चादर घालत होती.

नऊला तिने टायपिस्ट बाईंची घंटा वाजवली. आतून कडी निघाली, साखळी निघाली. बाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग तिच्या पाठीमागे जिन्याकडे.

"तुम्ही आत्ता येताय?"

"नऊ म्हणजे उशीर झाला का?"

"तसं नाही." बाईंची बोटं चौकटीवर एकदा वाजली आणि थांबली. "अर्ध्या तासापूर्वी न्हाणीघरात पाना वाजत होता. मला वाटलं तुम्हीच आलात आणि मीच दार उघडून विसरले. वय झालं की असं होतं. पण कडी तर लावलेली होती."

"वरच्या मजल्यावर असेल," धाकटी म्हणाली.

"असेल," बाई म्हणाल्या. "कुणीतरी आकडे म्हणत होतं. हळू. अकरापर्यंत."

धाकटीने पिशवी खाली ठेवली.

न्हाणीघरात काहीच वेगळं नव्हतं. निळ्या फरश्या, पांढरा टब. दांडा रिकामा होता. तिने खुंटी ओढली, कॉक फिरवला. शॉवर धो धो सुरू झाला. आरशावर वाफ धरली.

नळाचं तोंड कोरडं होतं.

तिने बादली लावली. मिनिटाला नऊ लिटर. खाली एक थेंब नाही. तिने दहा मिनिटं शॉवर चालू ठेवला, पंधरा मिनिटं ठेवला. नळाखाली तळहात धरून बसली. तळहात कोरडा राहिला.

मग तिने पाणी बंद केलं, बॅटरी काढली आणि टबमध्ये गुडघे टेकून नळ आणि भिंत यांच्या फटीत पाहिलं.

तिथे टेप नव्हती.

सूत होतं. उलट्या अंगाचं. टोकाला बारीक गाठ.

तिने बोट लावलं. बोटावर पांढरा ठसा उमटला. सफेदा ओला होता.

धाकटीने पाना हातात घेतला आणि तसाच धरून राहिली. नळ उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती. आजवर तिने एकही जोड न तपासता सोडला नव्हता. पण तिने सुताकडे पुन्हा पाहिलं. वेढे एकमेकांना चिकटून, एकसारखे, कुठे उंच नाही, कुठे खोलगट नाही. थरथरत्या हाताचं ते काम नव्हतं. इतकं देखणं सूत तिने अण्णांच्या चांगल्या दिवसांतही पाहिलं नव्हतं. तिच्या मानेवर काटा होता आणि तरीही छाती भरून आली होती, दोन्ही एकदम. तिने पाना पिशवीत ठेवला.

"झालं का?" बाईंनी दारातून विचारलं.

"झालं."

"परत गळणार नाही?"

"नाही, बाई," धाकटी म्हणाली. "हे आमचं काम आहे."

बाईंनी मान हलवली. मग टबच्या दांड्याकडे बोट केलं. "ती चिंधी तुम्ही घेतलीत का?"

"मी? नाही."

दोघींनी रिकाम्या दांड्याकडे पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "असू दे. बरंच झालं." आणि खांद्यावरचा टॉवेल सारखा करून त्या आंघोळीला निघाल्या. जिना उतरताना धाकटीला वरून शॉवरचा आवाज ऐकू आला, भरघोस, एकसंध.

घरी मिस्त्री खुर्चीतच होते. चादर पायांवर होती, एक सुरकुतीही हललेली नव्हती.

"सकाळपासून अस्से बसलेत," आई म्हणाली. "हाक मारली तर ओ नाही. नुसतं पुटपुटत होते. आत्ता कुठे डोळे उघडले, आणि चहा मागितला. पूर्ण कप."

मिस्त्रींनी मुलीकडे पाहिलं. चेहरा थकलेला होता, पण मान ताठ. तिने लहानपणी पाहिलेली, काम संपवून घरी येतानाची मान.

"कुणी परत बोलावलं?"

"नाही, अण्णा."

"गळतंय?"

"थेंब नाही."

"मग ठीक," ते म्हणाले, आणि डाव्या हाताने कप उचलला. काठोकाठ भरलेला. एका हाताने. एक थेंब सांडला नाही.

धाकटी त्या हाताकडे बघत राहिली. बोटांची टोकं पांढरी पडली होती, तासभर पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतलेली. नखांच्या कडेला सफेदा होता, ओला.

"अगं, हे कुठून आलं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं. "यांच्या मांडीवर पडलं होतं. आपल्याकडे तर असलं कापड नाही."

धाकटी दारापर्यंत गेली. आई मोरीपाशी उभी राहून एक निळ्या चौकड्यांची चिंधी पिळत होती. पिळून पिळून तिचे हात लाल झाले होते.

"संपतच नाही गं यातलं पाणी," ती म्हणाली. "आणि गार किती आहे."